ईएसएफजे स्वभावाची बायको "काही नाही झालं" म्हणते तेव्हा काय समजायचं?

तुमचा प्रश्न असा की स्वभावाचा प्रकार सांगणाऱ्या एमबीटीआय चाचणीत बायकोचा प्रकार 'ईएसएफजे' (ESFJ) आला आहे, सासर-माहेर-शेजार सगळीकडे ती लाडकी आहे, पण काही खटकलं की "काही नाही झालं" म्हणते आणि दोन दिवसांनी भलत्याच गोष्टीवरून भडकते. हिला समजून कसं घ्यायचं?

आधी चाचणीबद्दल. स्विस मानसोपचारतज्ज्ञ कार्ल युंग यांनी १९२१ साली मांडलेल्या कल्पनांवरून कॅथरिन ब्रिग्ज आणि त्यांची मुलगी इझाबेल मायर्स यांनी स्वभावाच्या १६ प्रकारांची ही पद्धत बसवली. प्रत्येक प्रकाराला चार इंग्रजी अक्षरं, आणि एकेक अक्षर म्हणजे एकेक कल. ईएसएफजे म्हणजे माणसांत रमणारी, प्रत्यक्षातले बारकावे टिपणारी, निर्णय घेताना कुणाला काय वाटेल ते आधी बघणारी आणि गोष्टी वेळेत ठरवून मोकळी होणारी व्यक्ती. अडचण अशी की चाचणी प्रत्येक बाबतीत सरळ दोन गट पाडते. ५२ टक्के कल असो की ९५, अक्षर तेच. म्हणून काठावरच्या माणसाचं अक्षर काही आठवड्यांनी बदलूही शकतं. नुसती अक्षरं बघू नका, टक्के बघा. शिवाय मन किती अस्वस्थ राहतं, हे ती चार अक्षरं मोजतच नाहीत. दोन ईएसएफजे बायकांपैकी एक निवांत आणि दुसरी सतत धास्तावलेली असू शकते.

आता स्वभाव. अशा माणसाचं लक्ष खोलीत शिरल्या शिरल्या चेहऱ्यांकडे जातं. कोण गप्प आहे, कोणाचा चहा बिनसाखरेचा, मागच्या वेळी कोणाला मान द्यायचा राहिला, हे सगळं डोक्यात असतं. लोकांना तो नुसता गोड स्वभाव वाटतो. मी त्याला काम म्हणेन, आणि त्या कामाची दखल कोणी घेत नाही. न बोलता दुसऱ्याची गरज ओळखायची सवय असल्यामुळे आपलीही कोणीतरी तशीच ओळखेल, अशी अपेक्षा असते. ती पुरी झाली नाही की मागणं हलकेपणाचं वाटतं, म्हणून "काही नाही झालं". मग चिडचिड साठत जाते आणि निघते ती ओल्या टॉवेलवर.

"काय झालं?" असं दहादा विचारून उपयोग नाही. आपल्याला दिसलेली एकच गोष्ट नाव घेऊन बोला: "काल आत्यांनी सगळ्यांसमोर भाजीला नावं ठेवली आणि मी गप्प बसलो. त्याचं वाईट वाटलं का?" असं विचारल्यावर तिला तक्रार करावी लागत नाही, फक्त हो किंवा नाही म्हणायचं असतं. ती बोलायला लागली की मात्र वकिली करू नका. "पण त्यांचा तसा हेतू नव्हता" हे वाक्य त्या दिवसापुरतं गिळा. ती एरवी तुमच्यापेक्षा आधी दुसऱ्याची बाजू घेते; तेवढ्या वेळापुरती तिला स्वतःची बाजू घेऊ द्या.

कौतुकही मोघम नको. "तू किती करतेस" पेक्षा "बाबांच्या गोळ्या तू आधीच आणून ठेवल्यास, माझ्या ध्यानातच नव्हतं" हे पोचतं. चूक दाखवायची असेल तर एकांतात, एका वेळी एक, आणि वागण्याबद्दल. "तुझा स्वभावच असा" म्हणालात की पुढचं काही ऐकू जाणार नाही. "तुला कुठे जायचंय?" याला उत्तर येणार "तुम्ही म्हणाल तिथे". त्याऐवजी दोन पर्याय ठेवा आणि तिने निवडल्याशिवाय स्वतःची पसंती सांगू नका.

सगळ्यात जास्त नुकसान होतं ते तिचं पोस्ट ऑफिस केल्यावर. "आईला तूच सांग, तुझं ती ऐकते" हे घराघरात चालतं. निरोप तुमचा आणि रोष तिच्या वाट्याला. घरातली शांतता टिकवणं तिला जमतं, म्हणून ते तिचंच काम ठरत नाही. तुमच्या आईला, भावाला जे सांगायचं ते तुम्ही सांगा.

"नाही म्हणायला शीक" हा सल्ला फुकट जातो. समोरच्याचा चेहरा पडलेला दिसला की होकार निघून जातोच. म्हणून तिथल्या तिथे उत्तर न देण्याची सवय जास्त कामाची: "घरी बघून संध्याकाळी कळवते." समोर चेहरा नसला की नकार फोनवरून देता येतो. तुमचं नाव पुढे करायची मुभाही देऊन ठेवा.

अतिताणात हीच व्यक्ती अचानक कोरडी होते, जुन्या चुकांचा पाढा वाचते, प्रत्येकाच्या बोलण्यातली विसंगती काढत बसते. त्या वेळी मुद्दे खोडू नका. दोनचार कामं न विचारता अंगावर घ्या आणि बोलणं दुसऱ्या दिवशी करा.

आणि झोप उडाली असेल, कोणी नाराज होईल या भीतीने पोटात गोळा येत असेल, किंवा नकार दिल्यावर दिवसचे दिवस अपराधी वाटत असेल, तर ते 'ईएसएफजे'च्या खात्यावर टाकून मोकळे होऊ नका. समुपदेशकाकडे जा, आणि पहिल्या भेटीला तुम्हीही सोबत जाणार आहात हे आधीच सांगा. नाहीतर दोष आपल्यातच आहे अशी तिची समजूत व्हायची.