55 मुलांच्या वर्गात प्रत्येकाच्या शिकण्याच्या शैलीप्रमाणे कसं शिकवायचं?

तुम्ही लिहिलंय की सातपूर भागातल्या शाळेत सहावीला शिकवता आणि वर्गाचा पट 55 आहे. प्रशिक्षणात मिळालेली प्रश्नावली भरून घेऊन मुलांचे 'बघून शिकणारे', 'ऐकून शिकणारे' आणि 'करून शिकणारे' असे गट पाडायला आणि त्यांचा तक्ता वर द्यायला सांगितलंय, आणि एकाच तासात तीन प्रकारे शिकवणं काही केल्या जमत नाही. मीही नाशिकमध्येच गणित आणि भूगोल शिकवते. माझं मत स्पष्ट सांगते: हे गट पाडू नका. ते जमत नाही यात तुमचं काही कमी पडत नाहीये, मुळात त्या कामाचा पायाच कच्चा आहे.

ही कल्पना कशी पसरली ते थोडक्यात. न्यूझीलंडचे नील फ्लेमिंग यांनी 1992 मध्ये कॉलीन मिल्स यांच्याबरोबर बघणं, ऐकणं, वाचन-लेखन आणि कृती अशा चार आवडींची मांडणी केली. विद्यार्थ्याने स्वतःच्या अभ्यासाकडे जरा डोळसपणे बघावं एवढाच त्यांचा हेतू होता. पुढे प्रशिक्षणांतून तिची गट पाडण्याची पद्धत झाली. 2004 मध्ये ब्रिटनमध्ये फ्रँक कॉफील्ड आणि सहकाऱ्यांनी मोजलं, तेव्हा अशा शैलींची 71 वेगवेगळी मॉडेल्स निघाली. 2008 मध्ये हॅरोल्ड पॅशलर आणि तीन मानसशास्त्रज्ञांनी साधा प्रश्न विचारला: 'बघून शिकणाऱ्या'ला चित्रांतून आणि 'ऐकून शिकणाऱ्या'ला ऐकवून शिकवलं, तर दोघांना खरंच जास्त येतं का? तसा भक्कम पुरावा त्यांना मिळाला नाही. 2015 मध्ये बेथ रोगोव्स्की यांनी प्रौढांवर हेच तपासलं. ऐकणं आवडणाऱ्यांना ऐकून जास्त समजलं किंवा वाचन आवडणाऱ्यांना वाचून जास्त समजलं, असं काही दिसलं नाही. प्रशिक्षणात मानसशास्त्रज्ञ हॉवर्ड गार्डनर यांच्या बहुविध बुद्धिमत्तेचाही (बुद्धिमत्ता एकच नसून अनेक प्रकारची असते, या सिद्धांताचा) हमखास दाखला देतात. माझा सिद्धांत म्हणजे अध्ययन शैली नव्हे, हे गार्डनर यांनी स्वतःच स्पष्ट केलंय.

आवड असते, ती कोण नाकारतंय? पण कशातून शिकवायचं हे मुलाच्या आवडीपेक्षा त्या घटकावर ठरतं. आपल्या गोदावरीचंच घ्या. ब्रह्मगिरीला उगम, तिथून अरबी समुद्र साधारण 80 किलोमीटरवर, तरी नदी पूर्वेला वळते आणि 1,465 किलोमीटर वाहत बंगालच्या उपसागराला मिळते. 'जवळचा समुद्र सोडून एवढ्या लांब का जाते?' हा प्रश्न रामकुंडावर वाढलेल्या पोरांनासुद्धा कधी पडलेला नसतो. याचं उत्तर नुसतं ऐकून कुणालाच कळत नाही, प्रश्नावलीत 'ऐकून शिकणारा' ठरलेल्या मुलालाही नाही. त्याला जमिनीचा उंच-सखलपणा दाखवणारा उठावाचा नकाशा बघावाच लागतो. एका कडेखाली विटेचा तुकडा सरकवून तिरकी केलेल्या ट्रेमध्ये ओली माती घ्यायची, उंच कडेला पाणी ओतायचं, की उतार म्हणजे काय ते सगळ्यांनाच दिसतं. याउलट कविता मोठ्याने म्हटल्याशिवाय तिची लय कुणाच्याच कानात बसत नाही, आणि कोनमापक हातात घेतल्याशिवाय कोन मोजता येत नाही. नकाशा, बोलणं आणि कृती एकाच तासात आली तर सगळ्या 55 जणांना तिन्ही मिळू द्या. त्यात वाटण्या कशाला?

मुलांमुलांत फरक असतो आणि तो मोठा असतो. पण तो प्रश्नावलीत सापडत नाही.

पहिला फरक डोळ्यांचा आणि कानांचा. फळ्यावरचं सोडून शेजाऱ्याच्या वहीतून उतरवणारं मूल 'ऐकून शिकणारं' असेलच असं नाही, त्याला लांबचं दिसत नसेल. प्रश्नावलीआधी त्याला पहिल्या बाकावर बसवून बघा, पालकांना नंबर तपासायला सांगा, शाळेत आरोग्य तपासणीचं पथक आलं की त्याचं नाव आधी द्या.

दुसरा फरक भाषेचा, आणि याबद्दल मला सगळ्यात जास्त तळमळ वाटते. सातपूर-अंबडच्या कारखान्यांमुळे तुमच्याकडे घरी भोजपुरी किंवा हिंदी बोलणारी मुलं असणारच. बागलाण-मालेगावकडून आलेल्यांच्या घरी अहिराणी. असं मूल तासाला गप्प बसतं, चित्र दिसलं की खुलतं, आणि आपण त्याच्यावर 'बघून शिकणारा' असा शिक्का मारतो. त्याला अडचण 'छेद', 'अंश', 'लघुतम' या शब्दांची असते. शब्द पक्के करून द्या, घरच्या भाषेत शेजाऱ्याला समजावू द्या, मग बघा कसं घडाघडा बोलतं ते. शिक्का मारला तर त्याला वर्षभर चित्रंच मिळत राहतील आणि मराठी तशीच कच्ची राहील. हे नुकसान फार मोठं आहे.

तिसरा फरक आधी काय येतं याचा. पेठ-सुरगाण्याकडची कुटुंबं द्राक्षाच्या हंगामात दिंडोरी-निफाडला मजुरीला जातात, मुलांची शाळा तुटते आणि नेमका अपूर्णांकाचा पायाच निसटतो. शहरातही कुणी आजारपणाने, कुणी शाळा बदलल्याने असं मागे पडतं. 1/2 + 1/3 चं उत्तर 2/5 लिहिणाऱ्या मुलांना 'कसं केलंस, सांग' असं विचारा. एकाला समच्छेद करायचं आठवत नाही, दुसऱ्याला 1/3 म्हणजे काय हेच माहीत नाही. दोघांना वेगवेगळी मदत लागते. गट पाडायचेच असतील तर हे पाडा: रोज थोडा वेळ, पातळीनुसार, आणि मूल पुढे गेलं की गट बदलायचा. शिक्षणात काम करणाऱ्या 'प्रथम' या स्वयंसेवी संस्थेने हीच पद्धत देशभर राबवली. ती उपयोगी पडते हे दाखवणाऱ्या अभ्यासांत अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो होते, ज्यांना 2019 चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं.

आता रोजच्या तासाचं. सगळ्या मुलांना लागू पडणारी एक गोष्ट आजपासून करता येईल: तासाच्या सुरुवातीला वह्या-पुस्तकं बंद करून कालचे दोन आणि मागच्या आठवड्याचा एक प्रश्न पाटीवर किंवा कागदाच्या चिठोऱ्यावर लिहायला लावा. गुण द्यायचे नाहीत. रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांच्या 2006 च्या प्रयोगात उतारा पुन्हा पुन्हा वाचणाऱ्यांना आठवड्याने सुमारे 40 टक्के आठवलं, एकदा वाचून मग नुसतं आठवून लिहिणाऱ्यांना सुमारे 61 टक्के. पाच मिनिटांनी विचारलं तेव्हा मात्र वाचणारेच पुढे होते, म्हणून तर मुलांना 'वाचलं की येतं' असं वाटत राहतं. प्रश्न विचारल्यावर लगेच हात वर करणाऱ्याचं नाव घेऊ नका. थोडं थांबा, मग कुणाचंही नाव घ्या. मागच्या बाकांवरून उत्तरं यायला लागतात.

राहिला प्रश्न वरून मागितलेल्या तक्त्याचा. मुख्याध्यापकांशी बोला. तक्ता द्यावाच लागला तर भरून द्या, पण त्यातला रकाना मुलांना वाचून दाखवू नका आणि त्यावरून बसण्याची जागा ठरवू नका. 'मी बघून शिकणारी, मला वाचन जमणार नाही' हे वाक्य अकरा वर्षांच्या मुलीच्या तोंडी एकदा बसलं की काढायला फार वेळ लागतो. त्याच तक्त्याला तुमच्यापुरते तीन रकाने जोडा: दिसतं-ऐकू येतं का, घरची भाषा कोणती, आणि अपूर्णांकात नेमकं कुठे अडतं. पहिल्या घटक चाचणीपर्यंत ते भरत गेलात, तर कुणाला कशी मदत हवी ते कळायला लागेल.