रविवार सकाळचे पोटदुखणे

"मॅडम, आमच्या परीने आम्ही सगळे केले. आता हा मागे पडला, तर चार लोकांत तोंड कसे दाखवायचे आणि याचे पुढे कसे व्हायचे?" हा प्रश्न समुपदेशक म्हणून माझ्याकडे येणारे पालक वेगवेगळ्या शब्दांत विचारतात. त्यात मुलाच्या भवितव्याची काळजी आणि घराच्या प्रतिष्ठेची काळजी अशा दोन गोष्टी एकमेकींत गुंतलेल्या असतात, आणि कोणती कुठे संपते हे विचारणाऱ्यालाही सांगता येत नाही. नागपुरातील एका कुटुंबाबरोबर मी तीन महिने काम केले. त्यांच्या परवानगीने, ओळख पटणार नाही इतके तपशील बदलून आणि नावे वगळून, तो अनुभव येथे मांडते.

दिवाळी होऊन आठवडा झाला होता. आई, बाबा आणि अकरावीतला मुलगा असे तिघे आले. बाबा एका शासकीय कार्यालयात वरिष्ठ लिपिक, आई खासगी शाळेत शिक्षिका, आणि घर बेसा रस्त्यावरचा कर्जाने घेतलेला फ्लॅट. मुलाला दहावीत उत्तम गुण मिळाले होते. त्या बळावर त्याला जेईई या अभियांत्रिकी प्रवेश परीक्षेच्या दोन वर्षांच्या शिकवणी वर्गात आणि त्या वर्गाशी जोडलेल्या कनिष्ठ महाविद्यालयात घातले होते, जेथे हजेरीची सक्ती नाममात्र असते. ऑगस्टपासून दर रविवारी सकाळी, चाचणीला निघायच्या वेळी, त्याच्या पोटात कळ येऊ लागली. सोनोग्राफी झाली, रक्त तपासून झाले, आणि काही सापडले नाही तेव्हा त्यांच्या नेहमीच्या डॉक्टरांनी माझे नाव सुचवले. हा क्रम योग्य होता, कारण शरीराची तपासणी झाल्याशिवाय कोणत्याही दुखण्याला मनाचे दुखणे म्हणू नये.

पहिली चाळीस मिनिटे बाबाच बोलले. "तो अभ्यास करून राहिला, का नुसता पुस्तक घेऊन बसून राहिला, काही समजून नाही राहिलं मॅडम." दर रविवारी रात्री वर्गाकडून पालकांच्या व्हॉट्सॲप गटावर सर्व मुलांची क्रमवारी येत असे आणि बाबांचा सोमवार त्या यादीवर ठरत असे. मुलगा पूर्ण वेळ अंगठ्याने पिशवीचा बंद गुंडाळत आणि सोडत होता.

नंतर मी त्याला एकट्याला बोलावले. जगण्याचा कंटाळा आला आहे का, स्वतःला इजा करण्याचा विचार मनात येतो का, हे मी या वयाच्या प्रत्येक मुलाला स्पष्ट शब्दांत विचारते. असे विचारल्याने तो विचार मुलाच्या डोक्यात शिरेल ही पालकांची भीती खरी नाही. उलट विचार असेल तर तो बाहेर येण्याची वाट मोकळी होते. त्याने नाही म्हटले आणि ते मला विश्वासार्ह वाटले. उत्तर वेगळे असते, तर मी त्याच दिवशी मनोविकारतज्ज्ञांकडे पाठवले असते. रात्री-अपरात्री गरज पडली तर ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालेली केंद्र सरकारची टेली-मानस ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मिळते, आणि हा क्रमांक प्रत्येक घरात माहीत असावा असे माझे मत आहे.

मग त्याने पिशवीतून भौतिकशास्त्राची वही काढली आणि मागचे पान उघडले. तेथे बारीक अक्षरात एक भागाकार होता. दोन वर्षांची फी दोन लाख चाळीस हजार, दोन वर्षांतल्या चाचण्या अठ्ठ्याऐंशी, आणि खाली दोनदा अधोरेखित केलेले उत्तर, २,७२७. "एका रविवारचे एवढे पैसे होतात," तो म्हणाला. "गेल्या वेळी मला तीनशेपैकी एकसष्ट आले." रात्री बाबा जेवणाच्या टेबलावर खर्चाची वही लिहितात तेव्हा कॅल्क्युलेटरच्या बटणांचा आवाज त्याच्या खोलीत येतो आणि तो आवाज थांबेपर्यंत त्याला झोप लागत नाही, हेही त्याने सांगितले.

त्याला दुसरे काही करायचे आहे का, असे मी विचारले. पुष्कळ पालकांची कल्पना असते की समुपदेशकाने नीट खोदले की मुलाच्या आत दडलेला चित्रकार किंवा क्रिकेटपटू सापडेल आणि प्रश्न सुटेल. आपल्या राज्यात २०१६ पासून काही वर्षे दहावीच्या मुलांची कल चाचणी घेतली गेली, तेव्हाही लोकांची अपेक्षा अशीच होती. या मुलाच्या आत असे काही दडलेले नव्हते. त्याला गणित बऱ्यापैकी आवडत होते, अभियांत्रिकी नकोशी नव्हती, आणि पुढे नेमके काय व्हायचे हे सोळाव्या वर्षी बहुतेकांना ठाऊक नसते तसे त्यालाही ठाऊक नव्हते. त्याची इच्छा एवढीच होती, "माझ्यामुळे बाबांची मान खाली जायला नको."

पुढच्या भेटीला फक्त आईबाबा आले. मी दोघांना कागद दिला आणि मनातील भीती, सुचेल तशी, एकेका वाक्यात लिहायला सांगितली. बाबांनी नऊ वाक्ये लिहिली. मी ती त्यांनाच मोठ्याने वाचायला लावली आणि प्रत्येक वाक्य कोणाबद्दल आहे हे विचारले. "कार्यालयात मी काय सांगू?" हे त्यांच्याबद्दल. "बहिणीचा मुलगा पुण्याला लागला, भाऊबीजेला मी गप्प बसलो," हेही त्यांच्याबद्दल. "मला निवृत्त व्हायला आठ वर्षे राहिली," हेही. मुलाबद्दलची वाक्ये दोनच निघाली, त्याला झोप लागत नाही हे एक आणि तो माझ्याशी बोलत नाही हे दुसरे. कागद खाली ठेवून ते बराच वेळ खिडकीकडे पाहत राहिले.

येथे पालकांना दोषी ठरवून मोकळे होणे फार सोपे आहे आणि आमच्या व्यवसायातही ते घडते. या गृहस्थांची भीती पोकळ मोठेपणाची नव्हती. जमशेटजी टाटांनी १८७७ साली नागपुरात एम्प्रेस मिल सुरू केली, आणि पुढे शंभरेक वर्षे या शहरातील कितीतरी घरांचा दिवस गिरणीच्या भोंग्यावर उगवत आणि मावळत होता. विसाव्या शतकाच्या अखेरीस कापड गिरण्या आजारी पडत गेल्या. बाबांचे वडील अशाच एका गिरणीत साचेवाले, म्हणजे मागावर काम करणारे, होते. पगार थकू लागले तेव्हा बाबा बारावीत होते, त्यांना अभियांत्रिकीला जायचे होते, आणि प्रवेशाचा अर्ज आणून तो त्यांनी न भरता ठेवून दिला. पुढे दिवसा दुकानात काम करून ते बी.कॉम. झाले, सरकारी नोकरीत लागले, आणि त्या एका नोकरीने दोन खोल्यांचे घर फ्लॅटपर्यंत आले. आपल्याकडच्या नोकरदार मध्यमवर्गाजवळ बहुधा शेतजमीन नसते, दुकान नसते. मुलाला देण्यासारखी एकच मिळकत असते, ती म्हणजे पदवी, आणि पदवीचे मोल पूर्वीसारखे राहिलेले नाही हे त्याला रोज दिसते. निवृत्तिवेतनाची सरकारी नोकरी पुढच्या पिढीला मिळेल असे कोणी धरून चालत नाही. जो एकाच पिढीत वर आला आहे, त्याला पुन्हा खाली जाण्याची वाट स्पष्ट दिसत असते, कारण ती त्याने स्वतः चढलेली असते.

यानंतर माझ्याकडून एक चूक झाली. मुलासमोर पैशांचा विषय काढू नका, असे मी दोघांना सांगितले. पंधरा दिवसांनी मुलगा आला तो अधिक ओढलेला दिसत होता. आता आईबाबा दार लावून कुजबुजत होते आणि खर्चाची वही कपाटात गेली होती. घरावर काहीतरी मोठे संकट आले असावे, फ्लॅट विकावा लागणार असावा, असा तर्क त्याने बांधला होता. जे आकडे त्याला छळत होते ते निदान ठाऊक तरी होते, आणि मी ते काढून घेऊन त्यांच्या जागी अंधार ठेवला होता. मी माझा सल्ला चुकल्याचे तिघांनाही सांगितले आणि पुढच्या रविवारी संध्याकाळी वही टेबलावर उघडायला सांगितली.

बाबांनी ते मनापासून केले. पगार किती, फ्लॅटचा हप्ता किती आणि तो कोणत्या वर्षी संपतो, फीसाठी भविष्य निर्वाह निधीतून काढलेली रक्कम किती आणि दरमहा किती कापली जाते, हे सारे त्यांनी मुलाला ओळीने दाखवले. मग आमचे आधी ठरले होते ते वाक्य बोलले, जे बोलायला त्यांना सर्वांत जड गेले होते. "ही फी गेली. तू आयआयटीत गेला तरी ती वापस येणार नाही आणि नाही गेला तरी वापस येणार नाही. ती तुझ्या नावावर कर्ज म्हणून लिहिलेली नाही." मुलगा काही बोलला नाही. आईने मला सांगितले की त्याने वही स्वतःकडे ओढून हप्त्याची बेरीज पुन्हा करून पाहिली, आणि बाबांची एक चूक काढली.

त्याच आठवड्यात बाबांनी त्याला गिरणीची हकीकत सांगितली. ती सांगण्याबाबत मी एक अट घातली होती. "आम्ही एवढे सोसले, म्हणून तू" असे वाक्य त्यात एकदाही येऊ द्यायचे नाही. अशा वाक्याने हकीकतीचे बिल होते. बाबांनी कपाटातून आजोबांचा गिरणीचा पितळी बिल्ला काढला, मधोमध क्रमांक ठोकलेला आणि कडा हाताळून गुळगुळीत झालेल्या, आणि तो कोरा अर्जही काढला, जो त्यांनी आजवर पत्नीलाही दाखवला नव्हता. मुलाने विचारले, "तुम्हाला कोणत्या शाखेला जायचं होतं?" त्यांना हा प्रश्न आयुष्यात पहिल्यांदा कोणी विचारला होता.

आकड्यांकडेही आम्ही एकत्र पाहिले, कारण कल्पनेतल्या आकड्यांपेक्षा खरे आकडे पेलायला सोपे जातात. २०२४ मध्ये जेईई मेन्सला चौदा लाखांहून अधिक मुले बसली, त्यांपैकी वरची सुमारे अडीच लाख ॲडव्हान्स्ड या आयआयटी प्रवेशाच्या पुढच्या परीक्षेसाठी पात्र ठरली, आणि तेवीस आयआयटींत मिळून जागा होत्या साधारण १७ हजार ७००. म्हणजे प्रयत्नांची कसूर नसतानाही बहुतेक मुले बाहेर राहणार हे परीक्षेच्या रचनेतच आहे. आयआयटी नाही म्हणजे काहीच नाही, या समजुतीमुळे मधली सारी जमीन दिसेनाशी होते. त्यांच्या घरापासून काही किलोमीटरवर व्हीएनआयटी ही केंद्र सरकारची अभियांत्रिकी संस्था आहे, १९६० साली प्रादेशिक अभियांत्रिकी महाविद्यालय म्हणून सुरू झालेली, आणि तेथील निम्म्या जागा राज्यातील मुलांसाठी असतात. एमएचटी-सीईटी या राज्याच्या प्रवेश परीक्षेतून मिळणारी शासकीय आणि इतर महाविद्यालये आहेत. पदविका करून थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेण्याची वाटही आहे, जी मध्यमवर्गाला उगाच कमीपणाची वाटते. बाबांच्या कार्यालयातील बांधकाम विभागाचे एक अधिकारी त्याच वाटेने आलेले होते, हे त्यांना बोलता बोलता आठवले.

व्हॉट्सॲप गटाचा प्रश्नही होता. केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने जानेवारी २०२४ मध्ये शिकवणी वर्गांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. सोळा वर्षांखालील मुलांना प्रवेश देऊ नये असे त्यांत आहे, आणि चाचण्यांचे निकाल जाहीर करू नयेत असेही आहे. बाबांनी ही बाब वर्गाच्या व्यवस्थापकांना शांतपणे लेखी कळवली. यादी येणे थांबले नाही, तेव्हा ते गटातून बाहेर पडले आणि मुलाचे गुण मुलालाच विचारू लागले, तेही सोमवारी. रविवारची संध्याकाळ त्यांनी फुटाळा तलावावर जायला मोकळी ठेवली.

पोटदुखी एकदम थांबली नाही. डिसेंबरात चारपैकी दोन रविवारी ती आली, जानेवारीत एकदा. मुलाने वर्ग सोडला नाही, पण वेग झेपत नाही हे मान्य करून वरच्या तुकडीतून खालच्या तुकडीत जाण्याचे त्याने स्वतः ठरवले. बाबांना ते पचायला आठवडा लागला आणि त्या आठवड्यात त्यांनी मला दोनदा फोन केला. मी त्यांना समजावण्याच्या भानगडीत पडले नाही. ही काळजी कोणाबद्दल आहे, एवढेच दोन्ही वेळा विचारले.

या सर्व काळात आई कमी बोलल्या होत्या आणि मीही त्यांच्याकडे पुरेसे लक्ष दिले नव्हते. संक्रांतीनंतरच्या एका भेटीत त्यांनी आपण होऊन विषय काढला. इमारतीतील हळदीकुंकवाला गेल्या वर्षी त्या गेल्याच नव्हत्या, कारण तिळगूळ हातावर पडायच्या आधी मुलांच्या तुकडीची विचारपूस होते. यंदा त्या गेल्या. शेजारच्या वहिनींनी विचारलेच, "तुमचा कोणत्या बॅचला आहे हो?" आईंनी सांगितले, "खालच्या. तिथं त्याला समजून राहिलं." वहिनी क्षणभर थांबल्या, मग आवाज खाली करून म्हणाल्या, "आमचीला रविवारी उलट्या होतात." त्या दोघी वाण हातात घेऊन जिन्यात अर्धा तास बोलत उभ्या राहिल्या, आणि निघताना आईंनी त्यांना माझा पत्ता दिला.