पॉपिंग बोबा: गोळीत काय आहे ते आधी वाचा

सोलापुरात बबल टीची (गोळ्या घातलेल्या, जाड स्ट्रॉनं प्यायच्या चहाची) दुकानं वाढली तसे प्रश्नही वाढले, आणि त्यातले बहुतेक एकाच गोंधळातून येतात. चघळायचे काळे मोती आणि दाताखाली फुटून रस सोडणारा पॉपिंग बोबा या दोन वेगळ्या वस्तू आहेत. काळे मोती टॅपिओकाच्या पिठाचे, ते शिजवावे लागतात. पॉपिंग बोब्याच्या गोळीत आत रस किंवा पाक असतो आणि बाहेर सोडियम अल्जिनेटपासून बनलेलं पातळ आवरण. अल्जिनेट तपकिरी समुद्री शेवाळापासून काढतात. पाण्यात विरघळलेल्या अल्जिनेटला कॅल्शियम भेटलं की ते जागच्या जागी गोठतं. एवढं ध्यानात ठेवून पुढची उत्तरं वाचावीत.

बोबा म्हणजे साबुदाणाच ना? मग एकादशीला चालेल का? (एक वाचक, बाळे)

पॉपिंग बोब्यात साबुदाणा नसतो. उपवासाला काय चालतं, ते घरातल्या मोठ्यांना विचारा.

यात जिलेटीन असतं असं ऐकलं. आम्ही शाकाहारी आहोत. (एक गृहिणी, जुळे सोलापूर)

आवरण अल्जिनेटचं असेल तर त्यासाठी जिलेटीन लागत नाही. तरीही डब्यावरचा हिरवा ठिपका बघा, आणि लाल-गुलाबी बोबा असेल तर घटकांत आयएनएस १२० आहे का तेही बघा (आयएनएस म्हणजे अन्नात घालायच्या द्रव्यांना दिलेला क्रमांक). तो रंग किड्यापासून काढतात. दुकानदाराच्या तोंडी खात्रीवर जाऊ नका, डबा मागून वाचा.

व्हॉट्सॲपवर व्हिडिओ आलाय. उकळत्या पाण्यातही गोळी विरघळत नाही, म्हणजे प्लास्टिकच की! (एक वाचक, अक्कलकोट रोड)

नाही. अल्जिनेट-कॅल्शियमचं जाळं उष्णतेनं वितळत नाही, हा त्याचा गुणच आहे. उकळत्या पाण्यात उकडलेलं अंडंही विरघळत नाही, म्हणून ते प्लास्टिक ठरत नाही. खात्री करायची असेल तर कपभर कोमट पाण्यात चमचाभर सोडियम सायट्रेट (सायट्रिक आम्लाचा क्षार) विरघळवा, त्यात गोळ्या टाका आणि अधूनमधून ढवळत राहा. सायट्रेट कॅल्शियम ओढून घेतं आणि आवरण मऊ पडून सुटू लागतं. प्लास्टिकचं असं होणार नाही. असले व्हिडिओ पुढे पाठवण्याआधी एवढं तरी करून बघावं.

घरच्या बागेतल्या डाळिंबाच्या रसाचे बोबे करतोय. रसात अल्जिनेट घातलं की गुठळ्या होतात. कधी जमलेच, तर तासाभरात आतून घट्ट होतात, फुटतच नाहीत. (एक डाळिंब उत्पादक, सांगोला)

तुमच्या तीन चुका एकमेकींत मिसळल्या आहेत.

पहिली, आंबटपणा. डाळिंबाच्या रसाचा पीएच (आंबटपणाचं माप, आकडा जितका कमी तितकं आंबट) साधारण ३ ते ३.५ असतो. पीएच ४ च्या खाली अल्जिनेट नीट विरघळत नाही, त्याचं अल्जिनिक आम्ल होऊन गुठळ्या धरतात. सोडियम सायट्रेट घालून पीएच वर आणता येतो, पण मग डाळिंबाची चवच बसते.

दुसरी, पाणी. बोअरच्या पाण्यात कॅल्शियम भरपूर असतं. त्या पाण्यात अल्जिनेट भिजवलं की बोबा करण्याआधीच ते गोठायला लागतं. आरओचं पाणी घ्या.

तिसरी, पद्धत. अल्जिनेट रसात आणि कॅल्शियम बाहेरच्या पाण्यात, अशी तुमची कृती दिसते. यात गोळी पाण्यातून काढून धुतली तरी आवरणातलं कॅल्शियम आत सरकत राहतं आणि तासाभरात पूर्ण गोळी जेली होते. असे बोबे लगेच खायचे असतात, साठवायचे नसतात.

तुम्ही उलटं करा. २५० मिली गाळलेल्या रसात ५ ग्रॅम कॅल्शियम लॅक्टेट आणि पाऊण ग्रॅम झँथन गम (रस दाट करणारा डिंक) ब्लेंडरनं मिसळा. कॅल्शियम क्लोराईड घेऊ नका, रस कडवट-खारट लागतो. मिश्रण एक सेंटिमीटरच्या अर्धगोल सिलिकॉन साच्यात भरून फ्रीझरमध्ये गोठवा. दुसरीकडे १ लिटर आरओ पाण्यात ५ ग्रॅम अल्जिनेट घ्यायचं. ते आधी दोन चमचे साखरेत कोरडं कालवून घ्या आणि ब्लेंडर चालू ठेवून थोडं थोडं भुरभुरवा, नाहीतर पिठल्यासारखे गोळे धरतात. हे पाणी रात्रभर फ्रिजमध्ये ठेवा म्हणजे बुडबुडे निघून जातील. बुडबुडा राहिला की त्या जागी आवरण पातळ राहून गोळी गळते.

वापरताना अल्जिनेटचं पाणी किंचित कोमट करा आणि गोठलेले गोळे सुटे सुटे सोडा. दोन गोळे चिकटले तर सोडवताना दोन्ही फाटतात. ३ मिनिटांनी झाऱ्यानं काढून साध्या पाण्यात धुवा. कॅल्शियम आत आणि अल्जिनेट बाहेर, म्हणून आतला रस पातळच राहतो. साठवायचे ते त्याच रसात, तितक्याच गोडीच्या. साध्या पाण्यात ठेवले तर चव बाहेर झिरपते, घट्ट पाकात ठेवले तर गोळ्या सुरकुततात.

विकायचे असतील तर इथं थांबा. ताज्या रसाचा बोबा किती दिवस टिकतो हे अंदाजानं ठरवता येत नाही. मान्यताप्राप्त प्रयोगशाळेतून तपासून घ्या.

रंग-रसायनांच्या दुकानात सोडियम अल्जिनेट निम्म्या भावात मिळतं. टॉवेलवर छपाई करणारे तेच वापरतात. पावडर तीच, मग बोब्याला का नको? (एक बबल टी विक्रेता, सात रस्ता)

नको. आणि वापरायला सुरुवात केली असेल तर आजच बंद करा.

हा प्रश्न आपल्या गावात येणारच. जिथं कापडाचा धंदा, तिथं अल्जिनेट मिळतं. छपाईचा रंग दाट व्हावा, पसरू नये म्हणून ते घालतात. रिॲक्टिव्ह रंगांशी (कापडाच्या धाग्याशी जोडले जाणारे रंग) ते भांडत नाही, म्हणून छपाईवाल्यांना तेच लागतं. पण नाव एक असलं म्हणून दर्जा एक नसतो. समुद्री शेवाळ पाण्यातलं आर्सेनिक, शिसं, कॅडमियम शोषून घेतं. खाद्य दर्जाच्या अल्जिनेटमध्ये या धातूंना मर्यादा असते आणि ती तपासावी लागते. कापडासाठीच्या पोत्याची अशी तपासणी कोण करणार? टॉवेल कुणी खात नाही. शिवाय छपाईच्या पावडरीत पाण्याचा जडपणा मारणारे क्षार, दुसरे डिंक, पावडर टिकवणारी, न खाण्याजोगी द्रव्यं मिसळलेली असू शकतात. ते पोत्यावर लिहिलेलं असेलच असं नाही. आणि त्या दुकानात उघड्या पोत्यातून ज्या डावानं ही पावडर निघते, त्याच डावानं शेजारचा रंगही निघतो. डावाच्या दांड्याकडे एकदा निरखून बघा.

यात वाचतं तरी किती? १ लिटर पाण्याला ५ ग्रॅम, म्हणजे अर्ध्या किलोच्या पाकिटात १०० लिटर पाणी तयार होतं. ग्लासामागे हिशेब मांडा, पैशांतच येईल. एवढ्यासाठी कॉलेजच्या पोरांच्या पोटात छपाईची पावडर घालायची?

कॅल्शियम क्लोराईडचंही तेच. ओल शोषणाऱ्या पुड्यांतलं खायचं नसतं. रंगांचंही तेच.

पाकिटावर नुसतं ‘फूड ग्रेड’ छापलेलं पुरत नाही. आयएनएस ४०१ हा क्रमांक, उत्पादकाचं किंवा आयातदाराचं नाव-पत्ता, एफएसएसएआयचा १४ अंकी परवाना क्रमांक, बॅच आणि मुदत बघा. त्याच बॅचचं विश्लेषण प्रमाणपत्र (प्रयोगशाळेचा तपासणी अहवाल) मागा. जो देत नाही, त्याच्याकडून घेऊ नका. सुट्या पिशवीत बांधून दिलेली पावडर कितीही पांढरीशुभ्र असली तरी परत करा. आतापर्यंत काय वापरलं, त्याचं पाकीट घेऊन अन्न व औषध प्रशासनाच्या अन्न सुरक्षा अधिकाऱ्यांना भेटा. विचारायला गेलात तर काही बिघडत नाही. लपवलंत तर बिघडतं.

मँगो बोब्यात आंबा किती असतो? (एक वाचक, विजापूर रोड)

घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमानं असते. पाणी, साखर, फ्रुक्टोज सिरप आधी आणि आंब्याचा रस पार खाली असेल, तर जीभ आंबा म्हणते पण पोटात पाकच जातो. आयएनएस १०२ आणि ११० हे पिवळे-केशरी कृत्रिम रंग आहेत. बरणीवर ब्लूबेरीचं चित्र असतं आणि यादीत सफरचंदाचा रस, स्वाद आणि रंग. चित्राला भुलू नका. लिची, पॅशनफ्रूट बिनदुधाच्या चहात घ्या. आंबट बोबा दुधाच्या चहात फुटला की दूध फाटल्यासारखं दिसतं. मधुमेह किंवा रंगांची ॲलर्जी असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

मुलगा ३ वर्षांचा आहे, हट्ट करतो. (एक आई, होटगी रोड)

देऊ नका. जाड स्ट्रॉमधून ओढलेली गोळी थेट घशात जाते. काळे मोती तर आणखी धोक्याचे. मोठ्या मुलालाही चमच्यानं, बसून, चावून खायला लावा. ठसका लागून श्वास अडकला तर दवाखान्यात पोचेपर्यंत थांबू नका, मुलाला पुढे वाकवून पाठीवर खांद्यांच्या मध्ये जोरात थापा मारा आणि त्याच वेळी कुणाला तरी १०८ ला फोन करायला सांगा.

मे महिन्यात उघडलेली बरणी किती दिवस ठेवायची? (एक गाडाचालक, पार्क चौक)

बरणीवर उघडल्यानंतरची मुदत लिहिलेली असते, ती फ्रिजमधली. सोलापूरच्या उन्हातल्या गाड्यावरची नव्हे. दुपारपुरतं छोट्या डब्यात काढा, डबा बर्फात ठेवा आणि उरलेलं बरणीत परत ओतू नका. चमचा कोरडा, स्वच्छ आणि एकाच बरणीचा. फ्रीझरमध्ये ठेवू नका, वितळताना गोळ्या फाटतात. उघडल्याची तारीख झाकणावर लिहा. घाऊक विक्रेत्यानं पांढऱ्या डब्यात भरून वर नुसतं ‘स्ट्रॉबेरी’ लिहून दिलेला माल घेऊ नका, त्याची मुदत तुम्हाला कधीच कळणार नाही. झाकण फुगलं, पाकाला फेस आला किंवा आंबूस वास आला, तर धुऊन वापरायचा विचारही करू नका. अख्खी बरणी फेकून द्या.