खर्च वसूल करताना जीएसटी कसा लावायचा

क्लायंटच्या कामासाठी केलेला प्रवास, मुक्काम, कुरिअर हे खर्च बिलात ‘रीइम्बर्समेंट’ म्हणून वेगळे दाखवले की त्यावर जीएसटी लागत नाही, असं बरेच जण समजतात. तसं नाही. जीएसटी कायद्याच्या कलम १५(२) नुसार हे तुमच्या सेवेच्या किमतीतच धरतात. फीवर १८ टक्के असेल तर यावरही १८.

आता हिशोब. विमानाचं तिकीट ६,००० अधिक ३०० जीएसटी. तिकिटावर तुमचा जीएसटीआयएन (जीएसटी नोंदणी क्रमांक) असेल तर ३०० चं क्रेडिट, म्हणजे तुम्ही भरायच्या जीएसटीतून वजावट, तुम्हाला मिळतं, म्हणून क्लायंटला ६,००० वर १८ टक्के लावा, ६,३०० वर नाही. मात्र नोंदणी महाराष्ट्रात आणि हॉटेल पणजीत असेल तर गोव्याच्या कराचं क्रेडिट मिळत नाही. तिथे पूर्ण रक्कमच खर्च धरायची.

अपवाद ‘प्युअर एजंट’चा, म्हणजे क्लायंटच्या वतीने फक्त पैसे भरणाऱ्याचा, नियम ३३. अशा रकमेवर जीएसटी लागत नाही. क्लायंटच्या सांगण्यावरून, त्याच्याच वतीने भरलेली ट्रेडमार्कची सरकारी फी, उदाहरणार्थ. ती बिलात वेगळी दाखवा, एक रुपयाही वर लावू नका. परवानगीचा ईमेल जपून ठेवा.

नोंदणीच नसेल तर जीएसटी अजिबात आकारू नका. पण नोंदणीची २० लाखांची मर्यादा मोजताना वसूल केलेले प्रवास-मुक्कामासारखे खर्चही धरा, लोक नेमके तेच विसरतात.