फोटोशॉप विकत न घेता घरचे फोटो नीट करायला फुकटातलं ऑनलाइन काय वापरावं?

तुमच्या प्रश्नात तीन कामं आहेत. चतुर्थीचे फोटो काळपट आलेत ते उजळायचे, माटोळीसमोरून (गणपतीच्या वर फळं-पानं टांगून केलेली सजावट) गेलेली बल्बची वायर घालवायची, आणि मुलीच्या अ‍ॅडमिशन फॉर्मसाठी फोटो 50 केबीच्या आत बसवायचा. तिन्हीला एकच टूल शोधत बसलात तर वैतागाल.

मी गोव्यात डिचोलीत असतो, जत्रेच्या नाटकाची पोस्टरं बनवून द्यायची कामं माझ्याकडे असतात त्यामुळे या साइटींशी रोजचा संबंध. लॅपटॉप असेल तर सरळ फोटोपी उघडा. इव्हान कुत्स्किर नावाच्या प्रोग्रामरने 2013 मध्ये सुरू केलेली साइट आहे, दिसायला जवळपास फोटोशॉपच, फोटोशॉपची पीएसडी फाइलसुद्धा उघडते, अकाउंट लागत नाही, बाजूला जाहिराती दिसतात तेवढ्या सहन करायच्या. आणि फोटो त्यांच्या सर्वरवर जात नाही, सगळं काम तुमच्याच ब्राउझरमध्ये होतं, म्हणजे आपल्या पावसात नेट गचके खात असलं तरी एकदा पान लोड झालं की अडत नाही. मोबाइलवर मात्र नको, बटणं इतकी बारीक की डोळे फुटतील.

माटोळीच्या फोटोची गंमत अशी की खाली समया आणि ट्यूबलाइट, मूर्ती झगझगीत, आणि वर टांगलेली फळं, सुपारीचे कातरे म्हणजे घड, नारळ सगळे अंधारात. अशा वेळी लोक ब्राइटनेस वाढवतात आणि गणपतीचा चेहरा पांढराफट्ट करून टाकतात. ते न करता इमेज, मग अ‍ॅडजस्टमेंट्स, त्यात शॅडोज-हायलाइट्स असं जा आणि फक्त शॅडो थोडी वर करा, अंधारातला भाग तेवढा उघडतो. फार ओढलंत तर तिथे रवाळ दाणे दिसायला लागतात, दाणे दिसले की जरा मागे या.

वायरीसाठी स्पॉट हीलिंग ब्रश. ब्रश वायरीपेक्षा किंचित जाड ठेवा आणि एका फटक्यात सगळी वायर पुसायला जाऊ नका, छोटे छोटे तुकडे घ्या. मागे भिंत असेल तिथे झटक्यात जाते पण वायर तोरिंगणाच्या फळावरून किंवा आंब्याच्या टाळावरून (पानांच्या डहाळीवरून) गेली असेल तर हा ब्रश लगदा करतो, तिथे क्लोन स्टॅम्प घ्या, ऑल्ट दाबून शेजारच्या चांगल्या पानावर क्लिक करा आणि तेच पान वायरीवर रंगवत जा. वेळखाऊ आहे पण कळतसुद्धा नाही तिथे वायर होती म्हणून. फोनवरच करायचं असेल तर गूगलचं स्नॅपसीड टाका, ऑनलाइन नाही, अ‍ॅप आहे, पण पूर्ण फुकट आणि जाहिराती नाहीत, हीलिंग त्यातही आहे.

कॅनव्हा सगळे सांगतील. त्याचा खरा उपयोग फोटोवर मजकूर टाकून शुभेच्छा वगैरे बनवायला, बॅकग्राउंड काढायचं बटण पैसेवाल्यांसाठी. त्यात देवनागरी फॉन्ट आहेत, पण कुठल्याही टूलमध्ये मराठी टाकल्यावर जोडाक्षरं फुटली नाहीत ना, वेलांटी जागेवर आहे ना, ते झूम करून बघाच. 'श्री' फुटलेली आमंत्रणं गावभर फिरताना बघितलीयत.

बाकी 'फ्री एआय फोटो एडिटर' म्हणून ज्या ढीगभर साइटी येतात त्यांचं खरं रूप डाउनलोडच्या बटणावर कळतं. तासभर खपून झाल्यावर कोपऱ्यात त्यांचा शिक्का, नाहीतर साइज इतकी लहान की प्रिंट काढायची सोय नाही. म्हणून नवीन साइटवर आधी कुठलाही फालतू फोटो टाकून डाउनलोड करून बघायचा, मग काम सुरू करायचं. आणि आधार कार्ड, मुलांचे फोटो असल्या साइटवर चढवू नका.

अजून एक, व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला फोटो एडिट करू नका, तो आधीच पिळून निघालेला असतो. ज्याने काढलाय त्याच्याकडून डॉक्युमेंट म्हणून मागवा. आणि ओरिजिनल फाइल आपल्याकडे वेगळी ठेवा, ऑनलाइन साइटींचा भरवसा नाही, पिकनिक म्हणून एक छान एडिटर होता, 2010 ला गूगलने विकत घेतला आणि पुढे बंदच करून टाकला.

फॉर्मच्या फोटोला स्क्वूश वापरा, गूगलच्या क्रोमवाल्यांनीच काढलेलं आहे, हेही ब्राउझरमध्येच चालतं. आधी रिसाइझमध्ये जाऊन फॉर्मवर दिलेली रुंदी-उंची टाका, मग मोझजेपेग (जेपीजी फाइल बनवणारा पर्याय) निवडून क्वालिटीची पट्टी हळूहळू खाली आणा, खाली साइज लगेच दिसते. रुंदी-उंची न बदलता नुसती क्वालिटी खेचून 50 केबीत आणलात तर पोरीचा चेहरा चौकोनी चौकोनी दिसेल आणि फॉर्म परत येईल.