चळवळ आधी की अभ्यास आधी?

अरे, चळवळ आणि तिच्यावरचा अभ्यास यांचं नातं कसं शोधायचं असं तू विचारतोयस ना, मग थिअरी आधी आली की चळवळ, यात अडकू नकोस, सुरुवातीला आम्हीपण तिथेच अडकलो होतो. एखादा शब्द पकड आणि त्याच्या मागे जा. 'लैंगिक छळ' हाच घे ना. ऑफिसात बायकांना हा त्रास पूर्वीपासून होताच, पण त्याला नावच नव्हतं, १९७५ मध्ये अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातल्या इथाका शहरात बायका एकत्र येऊन जाहीरपणे बोलल्या तेव्हा हे नाव रुळायला लागलं, मग कायद्याच्या अभ्यासकांनी म्हटलं की हा बाई म्हणून केलेला भेदभावच आहे, आणि १९८६ ला तिथल्या सुप्रीम कोर्टाने ते मान्य केलं. आता कोर्टाने मानल्यावर चळवळीलाही तीच भाषा बोलावी लागते, तक्रार, पुरावा, व्याख्या... आणि जे त्या व्याख्येत बसत नाही ते मागे पडतं! मला हा भाग सगळ्यात महत्त्वाचा वाटतो.

सॅन फ्रान्सिस्को स्टेट या अमेरिकेतल्या कॉलेजातला १९६८-६९ चा विद्यार्थ्यांचा संपपण बघ, एथ्निक स्टडीजचं, म्हणजे वेगवेगळ्या वांशिक समाजांच्या अभ्यासाचं, कॉलेज त्यातूनच उभं राहिलं. फक्त जर्नल्स वाचू नकोस रे, पत्रकं, मागण्यांच्या याद्या, सभांची टिपणं पण वाच, आणि प्रत्येक कागदावरची तारीख आधी लिहून ठेव.