ऑक्सिजन 'धातू' कसा?

प्रश्न असा आहे: आकाशगंगेच्या जडणघडणीवरच्या एका लेखात 'धातू-गरीब तारे' असा शब्द आला आणि पुढे कार्बन, ऑक्सिजनही धातूंतच मोजलेत. ही भाषांतराची चूक आहे का?

नाही. खगोलशास्त्रात हायड्रोजन आणि हेलियम सोडून उरलेली सगळी मूलद्रव्यं सरसकट धातू. रसायनशास्त्रवाले कपाळाला हात लावतात, पण सोय आहे खरी. ती दोन (आणि किंचित लिथियम) महास्फोटातून आली. बाकीची जवळजवळ सगळी नंतर, मुख्यतः ताऱ्यांमुळे घडली. सूर्याच्या वस्तुमानात हे 'बाकीचं' जेमतेम दीड टक्का. मराठी कानाला तर हे खटकायलाच नको. आयुर्वेदाच्या सप्तधातूंत रस, रक्त, मांस येतं, लोखंड-तांबं नाही. धातू म्हणजे घडणीचा मूळ घटक, हा अर्थ आपल्याकडे आधीपासूनच आहे.

'धातू-गरीब' मात्र मला अजिबात पटत नाही. 'अल्पधातू तारा' म्हणा. आणि ताऱ्यात धातू किती, यासाठी 'धातुता'पेक्षा 'धातुप्रमाण' बरं, ऐकताक्षणी कळतं.

आता लेखाला या शब्दाची एवढी गरज का, ते. तारा ज्या वायूतून जन्मला त्याचं रसायन त्याच्या बाहेरच्या थरात बरंचसं तसंच टिकतं आणि वर्णपटात (त्याच्या प्रकाशाच्या विभागलेल्या रंगपट्ट्यात) वाचता येतं. त्यातही मॅग्नेशियम आणि लोह यांची जोडी फार बोलकी. मॅग्नेशियम मुख्यतः प्रचंड ताऱ्यांच्या स्फोटांतून येतं, आणि असे तारे काही दशलक्ष वर्षांतच संपतात. लोहाचा मोठा वाटा श्वेतबटूंच्या (सूर्यासारख्या ताऱ्यांच्या उरलेल्या घट्ट गाभ्यांच्या) स्फोटांतून, बऱ्याच उशिरा. म्हणून लोहाच्या मानाने मॅग्नेशियम जास्त असेल तर तारानिर्मिती झपाट्याने झाली असं समजायचं. 2018 मध्ये गाया या अंतराळ दुर्बिणीच्या मोजमापांत सूर्याच्या परिसरातल्या ताऱ्यांचा एक घोळका बाकीच्यांच्या उलट्या दिशेने फिरताना दिसला. त्यांच्यात मॅग्नेशियमसारख्या मूलद्रव्यांचं हे गुणोत्तर आपल्याकडच्या तेवढ्याच लोहाच्या ताऱ्यांपेक्षा कमी निघालं. म्हणजे ते तारानिर्मिती सावकाश होणाऱ्या दुसऱ्या ठिकाणचे, इथले नव्हेत. सुमारे 10 अब्ज वर्षांपूर्वी आकाशगंगेने गिळलेल्या एका छोट्या दीर्घिकेचे (आकाशगंगेसारख्याच, पण लहान तारासमूहाचे) ते अवशेष. तिला 'गाया-एन्सेलॅडस' म्हणतात.

पण रसायन म्हणजे वय नव्हे. छोट्या दीर्घिकेत धातू सावकाश साठतात, त्यामुळे तिथे उशिरा जन्मलेला ताराही अल्पधातू असू शकतो. वय वेगळं काढावं लागतं. त्यासाठी गाभ्यातला हायड्रोजन नुकताच संपलेले, फुगू लागलेले तारे उत्तम, कारण या टप्प्यात त्यांच्या तेजस्वितेवरून वय नेमकं सांगता येतं. अशा सुमारे 2.5 लाख ताऱ्यांवरून 2022 मध्ये दिसून आलं की आकाशगंगेची जाड तबकडी (तिच्या चपट्या चकतीचा जाडसर, जुन्या ताऱ्यांचा भाग) 13 अब्ज वर्षांपूर्वीच आकार घेऊ लागली होती.

तेव्हा तुमच्या लेखात 'अल्पधातू' आणि 'प्राचीन' हे शब्द एकमेकांच्या जागी वापरले असतील, तर चूक तिथे धरा.